शेरा

तेओना फोटो मोठा करते.
मोठा केला म्हणून पक्षी जवळ येत नाही,
नुसते चौकोन होतात :
राखी, मातकट, एक जवळजवळ काळा.

टेकडीखाली समुद्र. नाव काळा, आज दुधाळ.
मागे चहाचा मळा, तीस वर्षं कोणी न खुडलेला,
माणसाच्या डोक्यावर गेलेला.
बातुमीच्या बाजूने सकाळपासून
आठशे बारा मोहोळघारी,
त्यांच्यावर कुणाचा वाद नाही.
वाद हा एक.
सव्वाअकराचा. तीन फोटो :
एकात ढग, एकात शेपटीचं टोक,
एकात हा.

हॉलंडहून आलेला यॉरिस म्हणतो, लेव्हंटचा.
बोटं मोज, पंखाच्या टोकाची.
चार असली तर लेव्हंटचा,
सहा असली तर चिमणमार ससाणा.
ती मोजते. पुन्हा मोजते.
पाच.
पाचवाला शिक्रा,
आणि शिक्रा राहतो पार दक्षिणेला,
इकडे तो वाट चुकूनही येत नाही.
डोळा पिवळा की गडद, ते दिसत नाही.
गळ्यावर मधोमध रेघ आहे
किंवा ती सावली आहे
किंवा लेन्सवरचं बोट.

मुरमान वर येतो तेव्हा धापा टाकत असतो.
खिशात हेझलनट, नाकावर लेकीचा चष्मा.
त्याने आयुष्यात पुस्तकातला ससाणा पाहिला नाही.
पाहिला तो जाळ्यात :
काठीच्या टोकाला खाटीक पक्षी बांधायचा,
झाडीत बसायचं,
वरून दगड पडावा तसा तो पडायचा.
मग आठ दिवस मुठीवर, माणसांच्या आवाजात, दिव्याच्या उजेडात.
मग सप्टेंबरभर लाव्यांवर.
आणि थंडी आली की
पायाची दोरी सोडून
दारातूनच उडवून द्यायचा.
बायको म्हणायची, पाहुणासुद्धा एवढा राहत नाही.

तो पडद्याकडे बघत नाही, आधी
स्वतःचा डावा हात पुढे धरतो,
मूठ वळतो, जणू कोणी बसलंय.
मग बघतो.
'मादी,' म्हणतो. 'याच उन्हाळ्यातली.
एका डाळिंबाएवढं वजन. लेव्हंट कुठला?
चिमणमार.'
'पण बोटं पाचच आहेत,' यॉरिस म्हणतो.
'सहा होती.'

कोणी काही बोलत नाही.
मुरमान नखाने काचेवर दाखवतो :
इथे फट. उजवीकडे नाही, डावीकडेच.
पिसं झडतात ती दोन्हीकडची, जोडीनं,
आणि या वयाची पोर अजून पिसं टाकत नाही.
हे काढलेलं आहे.
लाव्यांसाठीचा बारीक छर्रा.
खालून, आणि जवळून.
आज सकाळी, धुकं असताना.

'खालून म्हणजे कुठून?'
तो हेझलनट फोडतो. सालं खिशातच ठेवतो.
'त्या बागेतून लाव्यांवर नेम धरणारे
दोघंच,' म्हणतो.
'एक मी होतो.'

तेओनाला ती बाग माहीत आहे.
पाण्याच्या टाकीवर निळा रंग तिनेच दिलाय.
आज रात्री तिथे मक्याची भाकरी आहे, चीज आहे,
बाप विचारणार आहे, किती मोजले आज?

यॉरिस फॉर्म उघडतो.
प्रजाती : ती लिहिते.
वय : लिहिते. लिंग. वेळ.
खाली एक चौकोन उरतो, शेऱ्याचा.
तीस अक्षरांपुरती जागा.
'डाव्या पंखात एक पीस
' इथे ती थांबते.
आठशे तेरावी मोहोळघार
तोवर डोक्यावरून गेली,
मोजायची राहिली.

'कमी,' ती लिहिते.
खरं तेवढंच. त्यापुढचं
चौकोनात मावलं असतं.

मुरमान सोललेला एक दाणा
तिच्या की-बोर्डच्या कडेला ठेवतो,
चष्मा पुसतो शर्टाला,
आणि म्हणतो,
पुढचा दाखव.